काळपाठी सीलं परत येईपर्यंत

६ ऑक्टोबर

काळपाठी सीलं आज निघाली. उन्हाळ्यात येतात, खाडीतले मासे फस्त करतात आणि बर्फ धरायच्या आत दक्षिणेला लागतात. त्यात नवल काहीच नाही. पण दर वर्षी त्यांना जाताना बघायला आम्ही दोघं दारात उभे असायचो. आज एकटीच उभी राहिले. खाडीच्या तोंडाशी पाणी नुसतं घुसळून निघत होतं.

शेजारच्या एनोकनं कळपाच्या मागचं एक मारलं आणि ओढत थेट माझ्या दारात आणलं.

"मावशी, सोलशील का? पिपालुकला वास सहन होत नाही."

"कधीपासून?"

"झाले थोडे दिवस," म्हणाला आणि स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. म्हणजे त्यांच्या घरी पाळणा हलणार. मी हसले, तसा तोही हसला.

सुरी लावली तर चरबी चार बोटं जाड. पोटात बारके मासे गच्च, काही अजून चांदीसारखे चमकत होते. शिदोरी अंगावर बांधून निघालं होतं बिचारं. आता हे कोणाला सांगायचं? माझा म्हातारा असता तर कॉफीचा कप घेऊन उंबऱ्यावर बसला असता. कातडीवरच्या जुन्या जखमा बघून सील किती वर्षांचं, कुठून आलं, पुढे कुठे चाललं होतं, ते तो सांगायचा. सीलानं काय खाल्लं ते मी सांगायची. त्याला समुद्राचं वरचं कळायचं, मला पोटातलं. दोघांचं मिळून एक व्हायचं.

ऑगस्टमध्ये छातीच्या दुखण्यासाठी त्याला हेलिकॉप्टरनं नेलं, तो राजधानीतल्या, नूकच्या इस्पितळातून पेटीतच परत आला. तेव्हापासून माझ्याकडचं अर्धं नुसतं साठत चाललंय. म्हणून दुकानातून ही वही आणली. शाळा मी फारशी पाहिली नाही. वाचायला शिकले प्रार्थनेच्या पुस्तकावरून, लिहायला शिकले हट्टानं. चुका असतील तर असोत, वाचणारं कोण आहे.

त्याचं नाव मात्र इथे लिहिणार नाही. जिवंत होता तेव्हा खाडीच्या पलीकडे ऐकू जाईल अशी नावानं हाक मारायची मी त्याला. आता ते नाव निजलेलं आहे. ते तोंडात घ्यायचं नसतं. एखादं नवं बाळ ते घेईल तेव्हा म्हातारा पुन्हा घरात येईल, मग खुशाल हाका मारता येतील. आमच्या निविआला, तिकडे डेन्मार्कात, एप्रिलमध्ये बाळ होणार आहे. माझ्या पोटची एकुलती एक लेक. दुसरं कोण नेणार ते नाव?

२१ ऑक्टोबर

साकेउस भाऊजी दुपारी सूप प्यायला आले. म्हाताऱ्याचे धाकटे भाऊ, बायको जाऊन वर्षं झाली, त्यामुळे माझ्या चुलीवर त्यांचा हक्क असल्यासारखे येतात.

"वहिनी, सीलं गेली ती गेली. तू खिडकीत बसून त्यांना परत बोलावणार आहेस का?"

"मी हवा बघते."

"हवा दारातूनही दिसते. आणि सुपात मीठ नाही."

मीठ होतं. भाऊजींना म्हाताऱ्याच्या हातचं खारट सूप आवडायचं.

१६ नोव्हेंबर

सूर्य गेला. आता जानेवारी सरेपर्यंत दुपारी थोडी निळसर उजेड, बाकी दिवे.

बर्फ धरला आहे. मागे राहिली ती आमची ठिपकी सीलं, अंगावर वाटोळे ठिपके असलेली, बारकी. ती कुठे जात नाहीत. बर्फ कोवळा असतो तेव्हाच नखांनी खरवडून श्वासापुरती भोकं करून ठेवतात, आणि मग सगळा हिवाळा ती भोकं बुजू नयेत म्हणून खालून फेऱ्या मारत राहतात. खायचं काय, तर बर्फाला पालथे चिकटलेले बारके मासे, आणि कोळंबीसारखे किडे. एनोकनं बर्फाखाली जाळी लावली आहेत. आज दोन मिळाली. एकाच्या पोटात नुसते ते किडे होते, लालसर लगदा. दुसऱ्याच्या पोटात मासे. एकाच खाडीत, एकाच दिवशी. म्हाताऱ्याला विचारलं असतं, असं का? तो म्हणाला असता, एक आळशी होतं.

निविआचा फोन आला होता. तिकडे पाऊस आहे म्हणे. मी विचारलं काय खातेस, तर काळा पाव आणि पालेभाजी.

"सीलाचं वाळवलेलं मांस पाठवू का?"

"नको आई. आस्गरला वास चालत नाही घरात."

माझा जावई आस्गर वाईट नाही. मागे त्यानं मला लोकरी मोजे पाठवले होते, माझे दोन्ही पाय एकाच मोज्यात मावतात एवढे. पण बाईमाणसाला गरोदरपणी आपल्या गावचं खावंसं वाटत नाही म्हणजे काय?

८ जानेवारी

पिपालुक आली होती, पोट आता दिसायला लागलंय. कॉफी ओतली तर म्हणाली, "मावशी, गरम सूप आहे का? आणि सीलाचा पंजा असला तर."

"पंजा? तुला तर वास सहन होत नव्हता."

"आता दुसरं काही गोडच लागत नाही."

पंजा उकडलेला होता. बोटांमधली कातडी चोखून चोखून खाल्ली तिनं, म्हातारा खायचा तशी, हाडं ताटलीच्या कडेला ओळीनं लावत. मग म्हणाली, "काल पहाटे स्वप्न पडलं. दाराशी एक म्हातारा माणूस बसला होता, पाठमोरा. बूट काढत होता. डावा आधी. आणि म्हणाला, पाणी दे, लांबून आलोय."

"तुझे आजोबा असतील," मी म्हटलं. "पाठमोरे सगळे म्हातारे सारखेच दिसतात."

"आजोबांना मी पाहिलेलंच नाही, मावशी."

"म्हणूनच पाठमोरे आले."

ती आणखी काही बोलणार होती, पण मी निविआच्या बाळासाठी शिवायला घेतलेले कातडी बूट दाखवायला उठले. छान झालेत म्हणाली. लवकर घरी गेली. या दिवसांत दमणूक होतेच.

२ फेब्रुवारी

सूर्य आला. डोंगराच्या खाचेतून चिमूटभर, पण आला. आम्ही सगळे टोपी काढून उभे राहिलो.

त्याच आनंदात मी निविआला फोन लावला आणि मनातलं बोलून टाकलं. म्हटलं, मुलगा असो की मुलगी, नाव आपल्या म्हाताऱ्याचं.

तिकडून गाड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाली, "बघू, आई."

बघू म्हणाली. नाही म्हणाली नाही.

६ फेब्रुवारी

आज सगळ्या गावाला कॉफीला बोलावलं. तीन केक केले, सुकवलेला मासा कापला, चांगले कप काढले. सगळे आले, पाळीपाळीनं बसले, कारण घरात एका वेळी दहाच मावतात. साकेउस भाऊजी सकाळी आले ते उठलेच नाहीत.

आत-बाहेर सगळे जमल्यावर मी सांगितलं, की नावाची सोय झाली आहे. निविआच्या घरी, ओडेन्सेला जाणार. आता कोणी काळजी करू नये.

एनोक आणि पिपालुक तेव्हा टेबलापाशी होते. पिपालुकच्या हातात केकचा तुकडा होता, तो तिनं परत बशीत ठेवला. एनोक म्हणाला, "चांगलं झालं, मावशी." आणि तिचा कोट घेऊन आला.

सगळे गेल्यावर भाऊजींनी विषय काढलाच.

"एक नाव दोन बाळांत बसतं, वहिनी. माझ्याच नावाचे आम्ही तिघं आहोत या किनाऱ्यावर."

"म्हणजे अर्धा अर्धा करू त्याला? मला पुरा हवा आहे."

"पुरा, पण ओडेन्सेला."

"फोन आहे की."

भाऊजींनी चौथा तुकडा घेतला आणि तोंडात कोंबला. केक त्यांना फारच आवडला होता.

१९ मार्च

थंडी भयंकर. ठिपक्यांच्या माद्या आता भोकाच्या वरच्या बर्फात, वाऱ्यानं साचलेल्या भुसभुशीत हिमाखाली, घरं कोरतात. वरून काही दिसत नाही. एप्रिलमध्ये आत पिल्लू असतं, पांढरं, ऊबदार, आणि खालून आई ये-जा करते. कुत्र्यांना मात्र वास लागतो.

काळपाठी या दिवसांत कुठे असतात ते म्हातारा सांगायचा. खूप खाली, समुद्रापलीकडे, तरंगत्या बर्फावर हजारोंनी जमतात आणि वितात. पिल्लाला दूध देतात ते जेमतेम दोन आठवडे. मग आई पाण्यात उतरते आणि मागे वळत नाही. पिल्लू बर्फावर रडत बसतं, अंगावरच्या चरबीवर दिवस काढतं आणि भूक असह्य झाली की आपलं आपण पोहायला लागतं. कोणी वाट दाखवत नाही, तरी उन्हाळ्यात बरोबर आमच्या खाडीत येतं. लहानपणी निविआला ही गोष्ट तो होडीच्या पुढच्या नाळेवर बसवून सांगायचा. ती रडायची. "आई कशी गेली पण?" तो म्हणायचा, "आईला भूक लागली होती." मग तिला डोकी मोजायला लावायचा, पाण्यातून वर आलेली काळी डोकी, म्हणजे रडं विसरायची.

बूट शिवून झाले. तळ दोनदा उसवला, बोटं आता ऐकत नाहीत.

११ एप्रिल

मुलगा झाला! दोघं सुखरूप. आस्गर फोनवर रडत होता, मला त्याचं अर्धं कळलं नाही. निविआ झोपली होती.

१४ एप्रिल

निविआशी बोलले. बाळाचं नाव विगो. आस्गरच्या आजोबांचं.

मी म्हटलं, पुढे आणखी एक नाव लावता येतं. नाही म्हणाली. मी म्हटलं, मग निदान घरात म्हणा. तेव्हा एकदम आवाज चढला तिचा.

"आई, ते नाव मी दिवसातून वीस वेळा कसं घेऊ? जेव, झोप, बूट घाल, असं? मला नाही जमणार. तू समजून घे."

मग लगेच, "बाळ उठलं," म्हणून फोन ठेवला. बाळाचा आवाज मला तरी आला नाही.

हे आस्गरनं शिकवलेलं. आमच्या पोरीच्या तोंडचं हे बोलणं नाही. बापाच्या नावाची लाज वाटते आता तिला. बाप्तिस्मा जूनमध्ये आहे, तोवर मन बदलेल. बदलेलच. गावात काही बोलले नाही.

३ मे

भाऊजींनी विचारलं, नातवाची खबर काय. म्हटलं, फोन नीट लागत नाही.

"दुकानातला फोन तर लागतो."

"मग दुकानात जाऊन बोला."

दोन वेळा कॉफी प्याले आणि सुपात मीठ कमी आहे म्हणून सांगून गेले.

सूर्य आता मावळतच नाही. ठिपकी सीलं भोकातून वर येऊन बर्फावर उन्हात पडून असतात, लांबून बघावं तर कोणी कोळशाचे तुकडे टाकल्यासारखी. अंगावरचे जुने केस झडायचे दिवस. एनोक पांढरं कापड लावलेला छोटा आडोसा पुढे ढकलत, पोटावर सरपटत जातो आणि आणतो. आजच्या सीलाचं पोट पार रिकामं होतं. हे नेहमीचंच. केस झडताना त्यांना खावंसं वाटत नाही. पोटाखालच्या भोकात मासे आहेत, एक डुबकी मारली की झालं, पण नाही. नुसतं पडून राहायचं आणि झडायचं.

आज माझंही सूप उरलं. कुत्र्यांना घातलं.

१७ मे

पिपालुकला मुलगी झाली, काल. नर्सबाई शहरातून हेलिकॉप्टरनं आल्या होत्या. पोर धडधाकट आहे. डोक्यावर काळं जावळ, पुढे थोडं विरळ. बघून आले. पिपालुक माझ्याकडे बघत होती, मी बाळाकडे. म्हटलं, नाक एनोकचं आहे. नाव काय ठेवणार ते विचारलं नाही. उगाच कशाला.

२५ मे

ते पोर रडतं. उठल्यापासून निजेपर्यंत रडतं, आणि निजतं कधी तेच कळत नाही. दूध तोंडात घेतं आणि सोडून देतं. माझ्या भिंतीतून सगळं ऐकू येतं. नर्सबाई पुन्हा येऊन गेल्या, सगळं ठीक आहे म्हणाल्या. आपलं नाव मिळेपर्यंत बाळ असं रडतं, म्हणून त्यांनी एनोकच्या गेलेल्या आईचं नाव लावून बघितलं, तिच्या बहिणीचंही बघितलं. बाळ आणखी रडलं.

भाऊजी म्हणाले, "ती कोणाला हाक मारते आहे, हे कुत्र्यांनासुद्धा कळलंय, वहिनी."

"माझ्याकडे द्यायला नाव नाही. ते ओडेन्सेला गेलंय."

"गेलंय?"

"गेलंय."

त्यांनी टोपी घातली. दाराशी थांबून म्हणाले, "तू जेवत नाहीस. बर्फावर पडलेल्या सीलासारखी झाली आहेस." आणि मिठाबद्दल काही न बोलता गेले.

खोटं बोलायला मला कधी जमलं नाही, पण आज जमलं. मला तरी दुसरं काय उरलंय? बाप्तिस्म्याला अजून दिवस आहेत. इथे नाव देऊन टाकलं आणि तिकडे निविआचं मन वळलं तर? आणि खरं म्हणजे, तिचं बाळ ते माझं. भिंतीपलीकडचं बाळ भिंतीपलीकडचंच. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

३० मे

आज जे झालं ते झालं तसं लिहिते.

एनोकनं सकाळी एक मोठी ठिपकी मादी आणली. पिपालुक अजून अंगानं कच्ची आहे, म्हणून मी त्यांच्या दारासमोर बसून सोलायला घेतली. ऊन छान होतं, बर्फावरून पाणी ओघळत होतं. भाऊजी उपड्या स्लेजवर बसून नको त्या सूचना करत होते. पिपालुक बाळाला पाठीवरच्या झोळीत घेऊन माझ्या मागे येरझारा घालत होती, आणि बाळ रडत होतं. नेहमीसारखं नाही. कुरकुर, खाकरल्यासारखं, मग एक लांब हुंकार, मग परत कुरकुर. मी वाकलेली. हात कोपरापर्यंत रक्तात. पोट फाडलं, रिकामं, थोडीशी वाळू. बाहेर काढते आहे, चरबी कापते आहे, मागे कुरकुर चालूच, आणि चाळीस वर्षं जे बोलत आले तेच तोंडातून गेलं.

"दम धर ना, इनुतेक. हात धुते आणि कॉफी ठेवते."

आणि मागे आवाज बंद.

मला वाटलं पिपालुक घरात गेली. वळून बघते तर ती तिथेच उभी, एनोकचा हात कुत्र्याच्या पट्ट्यावर तसाच थांबलेला, आणि झोळीतून ते पोर डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होतं. रडं नाही, काही नाही. कॉफीची वाट बघत असल्यासारखं.

शेवटी भाऊजी स्लेजवरून उठले, टोपी काढून झोळीत डोकावले आणि म्हणाले, "काय दादा, दात कुठे टाकून आलास?"

पिपालुक हसली आणि लगेच रडायला लागली. मी सुरी खाली ठेवली. आता बोलायलाच हवं होतं.

"ओडेन्सेच्या बाळाचं नाव विगो आहे," मी म्हटलं. "एप्रिलपासून."

"माहीत आहे, मावशी."

"कोणी सांगितलं?"

"नातू झाला आणि तू कोणाला कॉफीला बोलावलं नाहीस. ते कळायला सांगावं लागतं का?"

म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि सगळे माझ्यासाठी थांबले होते. पोर दूध सोडून रडत होतं, तरी थांबले होते. मी मान खाली घातली. एनोक जवळ येऊन उकिडवा बसला.

"मावशी, आम्ही मागत नव्हतो. पण तो आमच्याकडे आला."

"डावा बूट आधी काढायचा तो," मी म्हटलं. "नेहमी. मी ओरडायची, उजवा जास्त ओला आहे म्हणून."

पिपालुकनं झोळी सोडवून बाळ माझ्यापुढे धरलं. हात रक्तानं भरलेले, मी मागे सरले. ती म्हणाली, "धर गं. त्याला सवय आहे."

धरलं. केवढंसं ते वजन. नऊ महिने ज्याला हाक मारली नव्हती त्याला पोटभर मारली मग, हळू आवाजात, कानाशी. पोर दूध प्यालं, आईच्या कुशीत, पुरं. मी घरी येऊन वाडगाभर सूप प्याले आणि दुसरं घेतलं.

२१ जून

पाद्रीबाबा हेलिकॉप्टरनं आले. आमची इनुतेक, मुलगी, सफेद झग्यात. पाणी डोक्यावर पडलं तरी रडली नाही. ओडेन्सेसाठी शिवलेले बूट तिलाच घातले, आणि तिकडच्या नातवासाठी नवे बेतले आहेत, थोडे मोठे. विगो तर विगो, पाय गारठता कामा नयेत.

गावातली पोरं मला हाका मारतात, "आजी, तुझ्या नवऱ्यानं लंगोट भिजवला." मी म्हणते, पहिल्यांदाच नाही.

९ जुलै

खाडी मोकळी झाली आणि काळपाठी आली. सकाळी भाऊजींनी धडाधड दार वाजवलं. बाहेर येऊन बघते तर डोकीच डोकी.

पण अंगात काही नाही त्यांच्या. विणं झालं, केस झडले, एवढी लांबची वाट पोहून आली, चरबी बोटभरसुद्धा उरलेली नाही. अशी सीलं मारली की बुडतात. ऑक्टोबरात बोयासारखी तरंगतात, आणि जुलैत दगडासारखी जातात खाली. एनोकनं पहिलं मारलं ते होडी पोचायच्या आत गेलं. तो पाण्यातल्या रक्ताकडे बघत राहिला. दुसऱ्याला त्यानं भाला लावला, दोरी आवळली, ते मिळालं. आणून माझ्या दारात ठेवलं.

"हे सोलायला?"

"हे तुझं. तुझ्या नवऱ्याच्या घरातून आलंय."

पोटात चांदीचे मासे, थोडेच, पण ताजे. म्हणजे खाडीच्या तोंडाशीच खायला सुरुवात केली आहे. आता महिनाभर खातील, अंग भरेल. पिपालुक शेजारी बाळाला घेऊन बसली होती, तिला सगळं सांगितलं. मग बाळालाही सांगितलं, तू वरचं सांगायचास, आता शिकून घे परत. तिनं माझं बोट धरलं आणि चोखायला लागली.

दुपारी बाळ माझ्याकडे ठेवून पिपालुक जरा आडवी झाली. तेवढ्यात निविआचा फोन. जूनपासून आमचं बोलणं म्हणजे तिकडची हवा आणि इकडची हवा. मी इकडच्या बाप्तिस्म्याचं सांगितलंच नव्हतं. कसं सांगायचं, तिला टोचायला सांगितल्यासारखं होईल असं वाटायचं. विगो मान धरायला लागलाय म्हणाली. मी म्हटलं, काळपाठी आली.

"आली? किती आहेत?"

"मोजली नाहीत. मोजायचं काम तुझं होतं."

तिकडे ती हसली, पण नीट नाही. तेवढ्यात इकडे बाळ उठलं आणि कुरकुरायला लागलं, खाकरत, हुंकार देत.

"आई, कोण रडतंय?"

काय सांगू? जे होतं ते सांगितलं.

"तुझे बाबा आहेत. पिपालुकला मे महिन्यात झाले."

मला वाटलं, लागला राग, ठेवला फोन. गाड्या ऐकू येत होत्या, म्हणून कळलं की नाही ठेवला. मी म्हणणार होते, की निविआ, तुला जमत नव्हतं म्हणून मी काही बोल लावत नाही, माझंच चुकलं. पण तीच बोलली. लहानपणी होडीत बसून बोलायची त्या आवाजात.

"आई, बाबांना दे फोन."

मी बाळाला मांडीवर घेतलं आणि फोन त्याच्या कानाला लावला. निविआ काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही. बराच वेळ बोलत होती. बाळ डोळे मोठे करून ऐकत होतं, कुरकुर थांबवून, आणि मध्येच एकदा हुंकार दिला.